सेकंदरावचा ठोकळा

सेकंदरावने बत्तीस वर्षं बस डेपोच्या वेळापत्रक खात्यात काढली, आणि त्या बत्तीस वर्षांत एकही बस त्याच्या वेळापत्रकाप्रमाणे धावली नाही. याचा त्याला कधी खेद झाला नाही. चूक बसची होती. वेळापत्रक मात्र असं देखणं, की मुख्य कचेरीतले साहेब ते भिंतीवर लावून त्याच्याखाली बसून डबा खायचे.

त्याची थोरवी एका गोष्टीवरून कळेल. एखादी बस बंद पडली की दुसरा कुणी शहाणा ती फेरी रद्द करेल, पाटीवर तसं लिहील, मोकळा होईल. सेकंदराव तसं करायचा नाही. फेरी रद्द केली की तक्त्यातला रकाना रिकामा राहायचा, आणि रिकामा रकाना दिसला की त्याला दाढ ठणकल्यासारखं व्हायचं. मग तो डेपोच्या मागे गंजत पडलेली, दार न उघडणारी एक जुनी बस त्या वेळेवर सोडायचा. थांब्यावर उभी असलेली माणसं हात करायची, बस समोरून निघून जायची. आत एक चालक आणि बेचाळीस रिकाम्या सीटा. पण रकाना भरलेला. चालक त्याला तोंडावर ‘साहेब’ म्हणायचे आणि पाठ वळली की काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

निवृत्त झाल्यावर असा माणूस घरी बसला म्हणजे घरच्यांचं काय होतं ते त्याच्या बायकोला विचारा. पहिल्या महिन्यातच त्याने स्वयंपाकघराच्या दारावर तक्ता लावला. चहा सहा वाजून दहा, भाजी चिरणे साडेनऊ, आंघोळ (मी) सात, आंघोळ (ती) सात वाजून अठरा. बायकोने तो तक्ता दोन दिवस पाहिला, तिसऱ्या दिवशी उतरवून त्याच्यावर तळणाचा झारा निथळत ठेवला.

“अहो, तुम्हाला कामाला लावायला एखादी बसच घेऊन देते अंगणात,” ती म्हणाली. “नाहीतर मी तरी एक दिवस वेळेवर निघून जाईन.”

बस काही मिळाली नाही. पण वस्तीच्या सभागृहात दरवर्षी मुलांच्या लाकडी गाड्यांच्या शर्यती व्हायच्या, त्या मिळाल्या. आणि सेकंदराव सेकंदराव झाला तो तिथे. त्याआधी त्याला नुसतं ‘ते खालच्या मजल्यावरचे’ म्हणत.

शर्यत तशी साधी. प्रत्येक मूल एका लाकडाच्या तुकड्याची वीतभर गाडी करतं, तिला चार प्लास्टिकची चाकं लावतं, रंग देतं. उतरत्या फळीवर चार पट्ट्या आखलेल्या. वर चार गाड्या ठेवायच्या, खटका ओढायचा, गाड्या आपल्याआपण घरंगळत खाली येतात. इंजिन नाही, काही नाही. तीन सेकंदांचा खेळ. पूर्वी खाली एक आजी झेंडा धरून उभी राहायची, “लाल गाडी पहिली” म्हणायची आणि सगळे टाळ्या वाजवायचे. त्यात जराशी भांडणं व्हायची, पण ती भांडणं गोड होती.

मग मंडळाच्या चिटणीसबाईंनी कुठूनसं एक सॉफ्टवेअर आणलं. फळीच्या शेवटी कमान, कमानीत चार बारीक दिवे, गाडी खालून गेली की दिव्याची तिरीप तुटते आणि लॅपटॉपवर वेळ उमटते, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. शिवाय कुठली गाडी कुठल्या फेरीत कुठल्या पट्टीवर धावणार, तेही तेच ठरवतं. कारण चारही पट्ट्या सारख्या नसतात, एखादी जरा खरबरीत असते. म्हणून प्रत्येक गाडी चारही पट्ट्यांवर एकेकदा धावते आणि चार वेळांची सरासरी काढतात. ज्याची सरासरी कमी तो पहिला. चिटणीसबाईंनी विचारलं, हे कोण चालवील? सेकंदराव असा उठला, जणू बत्तीस वर्षं याच हाकेची वाट पाहत होता.

“काका, जमेल ना?” बाईंनी विचारलं.

“बाई,” तो म्हणाला, “शंभर बसचं वेळापत्रक हाताने आखलंय. ह्या तर वीतभर गाड्या.”

आणि खोटं कशाला बोला, वेळापत्रक जमलं. वीतभर गाड्यांना पंक्चर होत नाही, त्या संपावर जात नाहीत, चहाला थांबत नाहीत. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा सेकंदरावच्या तक्त्याप्रमाणे काहीतरी धावलं, आणि तिथेच त्याचं डोकं फिरलं. बायकोने भाजी आणायला पाठवलं तर परत येऊन सांगायचा, “बावीस मिनिटं चौदा सेकंद.” भाजीत मात्र अर्ध्या गवारीला कीड. मुलं वजन करायला गाड्या आणायची तेव्हा तो स्वयंपाकघरातला काटा पुढे घेऊन न्यायाधीशासारखा बसायचा. दीडशे ग्रॅमची मर्यादा. एकदा एका सात वर्षांच्या पोरीची गाडी दोन ग्रॅम जास्त भरली, तर तिच्या गाडीवर चिकटवलेली चिमणी उपटून काढायला लावली. पोर रडली. ह्याने वहीत लिहिलं, ‘१४९, ठीक.’

पण चिमणीची गोष्ट लहान. खरी गोष्ट त्याच्या नातीची.

नात दहा वर्षांची, मुलीची मुलगी. मुलगी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला, त्यामुळे शाळा सुटली की नात ह्यांच्याकडे. अंगाने काडी, पण नजर अशी की दुकानदार तिला सुटे पैसे देताना दोनदा मोजतो. मागल्या वर्षी तिने शर्यतीत निळी गाडी उतरवली होती. पहिल्या दोन फेऱ्यांत ती गाडी सगळ्यांत पुढे. तिसऱ्या फेरीत शेजारच्या पट्टीवरची गाडी उसळली, पट्टी सोडून हिच्या गाडीवर आदळली आणि निळ्या गाडीचं एक चाक निखळून सतरंजीखाली गेलं. तीन चाकांवर घसटत गाडी कमानीखालून गेली. वेळ उमटली, सात सेकंद आणि वर काही. सरासरी मातीत.

नात टेबलापाशी आली. रडली नाही. “आजोबा, माझी चूक नव्हती. ही फेरी परत घ्या ना.”

आता लक्ष देऊन ऐका, कारण पुढचं सगळं इथून निघतं. सेकंदरावने तक्त्याकडे पाहिलं. ती फेरी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी संपायची होती आणि अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनीच संपली होती. चाक शोधायचं, बसवायचं, फेरी परत घ्यायची म्हणजे पाच मिनिटं. म्हणजे पुढच्या सगळ्या फेऱ्या पाच मिनिटांनी घसरणार. त्याने घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “बाळा, प्रोग्राम एकदा घेतलेली वेळ सोडत नाही. त्याला मागे जाता येत नाही. माझ्या हातात काही नाही.”

नातीने मोडकी गाडी काखेत घेतली. मग म्हणाली, “बरं, साहेब.”

त्या दिवसापासून ती त्याला ‘साहेब’ म्हणते. रागाने नाही, फुगून नाही, अगदी अदबीने. “साहेब, आजी जेवायला बोलावतेय.” “साहेब, तुमचा चष्मा फ्रिजवर आहे.” सुरुवातीला त्याला वाटलं, गंमत करतेय, आठवड्याने विसरेल. वर्ष गेलं. डेपोत हाच शब्द कानावर पडला की छाती पुढे यायची. घरात ऐकला की हा अर्ध्या ताटावरून उठायचा. एकदा त्याने तिला चॉकलेट देऊन पाहिलं. “थँक्यू, साहेब,” म्हणाली आणि अर्धं चॉकलेट आजीला दिलं.

बायकोपाशी त्याने विषय काढला. “अगं, तिला जरा समजाव की.”

“मी कशाला? माझ्या हातात काही नाही,” बायको म्हणाली. अगदी त्याच्याच चालीत.

तेव्हा त्याने मनाशी हिशेब बांधला. पोर हरली म्हणून रुसली आहे. यंदा जिंकली की रुसवा जाईल. कप हातात आला की धावत येईल आणि ‘आजोबा’ म्हणेल. वर्षभराच्या ‘साहेब’साठी ह्या गृहस्थाला दुसरं कारणच सुचलं नाही. उंटावरचे शहाणे पुष्कळ असतात, पण ह्याने उंटसुद्धा घड्याळ लावून चालवला असता.

तर यंदाची शर्यत. मोठ्या गटात बारा मुलं, नात त्यात, क्रमांक चौदा. गाडी हिरवी, अणकुचीदार, चाकांचे आस तिने पेन्सिलीच्या शिशाची पूड घालून असे गुळगुळीत केलेले की टेबलावर ठेवली की आपली आपण सरकायची. सेकंदरावने ते पाहिलं आणि मनातल्या मनात कप तिच्या हातात दिला.

तयारी त्याने तीन आठवडे केली. रोज संध्याकाळी सभागृहात जाऊन कमान लावायची, दिवे तपासायचे. तपासायला गाडी हवी म्हणून त्याने सुताराकडून एक ठोकळा करून घेतला होता. रंग नाही, रूप नाही, चार चाकांवर बसवलेली लाकडाची वीट. “जड कर,” त्याने सुताराला सांगितलं होतं, “म्हणजे न अडकता खाली येईल.” सुताराने त्याच्या पोटात शिसं भरलं. तीन आठवडे तो ठोकळा फळीवरून दिवसाला पन्नास वेळा खाली येत होता. त्याची चाकं झिजून आरशासारखी झाली होती.

आणि वेळापत्रक. ते त्याने चार दिवस आधीच छापलं, आणि नुसतं छापून थांबला नाही, तर प्रत्येक कागद प्लास्टिकमध्ये बंद करून आणला. सव्वीस तक्ते. मुलांना एकेक, दारावर एक, पाण्याच्या पिंपावर एक. कडा इतक्या धारदार की चिटणीसबाईंचं बोट कापलं.

रविवारी सकाळी आठ वाजता फोन आला. टेलरबाईंचा. त्यांचा मुलगा क्रमांक सतरा, त्याला गालगुंड झालं होतं. “काका, तो नाही येत हो. तोंड भोपळ्याएवढं झालंय. आणि गाडी म्हणाल तर तीही अर्धवटच आहे.”

सेकंदरावने लॅपटॉप उघडला. सतरा क्रमांकावर ‘गैरहजर’ अशी खूण करताच सॉफ्टवेअरने शहाण्यासारखं विचारलं: वेळापत्रक नव्याने आखू का? एक बटण दाबायचं होतं. अकरा गाड्या, अकरा फेऱ्या, सगळं परत जुळून आलं असतं. पण मग ते सव्वीस प्लास्टिकचे तक्ते? त्याने ‘नाही’ दाबलं. सॉफ्टवेअर म्हणालं, ठीक आहे, चार फेऱ्यांत एकेक पट्टी रिकामी राहील. आणि मोठ्या गटाच्या तक्त्यात चार रकाने रिकामे झाले, तेही लाल रंगात.

लाल रिकामे रकाने. चार.

आता दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, राहू देत. पण ज्याने बत्तीस वर्षं दार न उघडणारी बस रस्त्यावर सोडली, त्याला हे झेपायचं कसं? त्याने ‘गैरहजर’ची खूण काढून टाकली, ठोकळा उचलला आणि त्याच्या पाठीवर कागदाची चिठ्ठी चिकटवली: सतरा. रकाने परत पांढरे झाले. त्याचा जीव भांड्यात पडला.

“काका, हे काय?” चिटणीसबाईंनी विचारलं.

“जागा भरायला आहे, बाई. त्याचं मोजायचं नाही.”

“प्रोग्रामला सांगितलंत का, मोजायचं नाही म्हणून?”

“बाई,” तो म्हणाला, “हे माझ्यावर सोडा.”

सोडलं.

लहान गट निर्वेध पार पडला. मग मोठा गट. ठोकळा पहिल्यांदा धावला तेव्हा मुलं हसली. रंगीत गाड्यांत ती वीट, सपाट तोंडाची. खटका ओढला, वीट सगळ्यांच्या पुढे खाली आली आणि सतरंजीवर धाडकन आदळली. मुलं आणखी हसली. दुसऱ्यांदा पुढे आली तेव्हा हसू कमी झालं. तिसऱ्यांदा तिने लाल गाडीला मागे टाकलं तेव्हा लाल गाडीच्या मालकाने विचारलं, “काका, हा नक्की जागा भरायलाच आहे ना?” सेकंदरावने मान हलवली आणि तक्त्यावर बोट ठेवून पुढच्या फेरीचा क्रमांक पुकारला. तक्ता बिनचूक चालला होता, मिनिटाला मिनिट. तो ठोकळ्याकडे पाहतच नव्हता. बत्तीस वर्षांत रिकाम्या बसमध्ये कुणी चढलं नव्हतं, त्यामुळे रिकामी बस शेवटी कुठे जाऊन पोचते याचा त्याने कधी विचारच केला नव्हता.

हिरवी गाडीही धावली. चारही पट्ट्यांवर सुसाट. शेवटची फेरी संपली, सेकंदरावने ‘निकाल’ दाबलं आणि भिंतीवरच्या पडद्याकडे हात केला. आयुष्यभर त्याला असा हात करायचा होता.

पडद्यावर आलं: पहिला, क्रमांक सतरा, ३.०८७. दुसरा, क्रमांक चौदा, ३.०९४. पहिल्या ओळीपुढे कपाचं चित्र नाचत होतं.

सभागृहात तीस-चाळीस माणसं. क्षणभर कुणाला कळेना हसायचं की काय करायचं. मग मागून कुणाचा तरी बाप म्हणाला, “ठोकळ्याच्या आईवडिलांनी कप घ्यायला यावं,” आणि छत उडेल असा हशा झाला. कुणीतरी पडद्याचा फोटो काढून टेलरबाईंना पाठवला असणार, कारण दोन मिनिटांत चिटणीसबाईंचा फोन वाजला. बाईंनी ऐकलं, म्हणाल्या, “नाही हो, तो नाही आला. हो, पण जिंकलाय. नाही, मलाही नाही समजलं.”

सेकंदराव लॅपटॉपसमोर बसून होता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. सतराला काढलं की चौदा पहिली, नात पहिली, कप तिचा, एवढं त्याला कळत होतं. काढायचं कुठून हेही त्याला ठाऊक होतं. वरच्या कोपऱ्यात ‘दुरुस्ती’ म्हणून एक खिडकी होती, तिच्यात सगळं होतं. पण ती खिडकी उघडली की पडद्यावरही उघडणार. आणि तिच्यात पहिल्याच ओळीत, ठळक अक्षरात काय लिहिलं होतं, तेही त्याला ठाऊक होतं.

वर्षभर ठाऊक होतं. मागल्या वर्षी अकरा बेचाळीसलाही ठाऊक होतं.

नात समोरच्या खुर्चीत हिरवी गाडी मांडीवर घेऊन बसली होती. पडद्याकडे नव्हे, त्याच्याकडे पाहत होती.

मग ह्या बहाद्दराने काय केलं? टेबलाखाली पाय घातला आणि प्रोजेक्टरची तार पायाने ओढून काढली. पडदा काळा झाला.

“तांत्रिक अडचण,” त्याने जाहीर केलं. “दोन मिनिटं.” आणि खिडकी उघडून झटपट ‘गाडी वगळा’ शोधू लागला. घाईत चष्मा नाकावरून घसरून टेबलावर पडला. तेवढ्यात चिटणीसबाई, भल्या बाई, टेबलाखाली वाकल्या.

“काका, काही नाही, ही तार निघाली होती बघा,” म्हणाल्या आणि लावली.

पडदा उजळला. भिंतभर मोठ्या अक्षरांत खिडकी: फेरी पुन्हा घ्या. वेळ बदला. गाडी वगळा.

पहिली ओळ वाचायला कुणाला चष्मा लागला नाही. मागल्या वर्षी तिथे असलेली निम्मी माणसं ह्याही वर्षी होती, आणि माणसं चाक विसरतात, पण एखादा वर मान करून काय बोलला ते विसरत नाहीत. त्याची बायको दारापाशी बिस्किटांचं ताट घेऊन उभी होती. तिने ताट खाली ठेवलं.

“हे नवीन आहे,” सेकंदराव म्हणाला. “यंदाच आलंय.”

नात उठून टेबलापाशी आली. “नाही, साहेब. मागल्या वर्षीही होतं. मी त्याच संध्याकाळी मदतीचं पान वाचलं होतं. तिथे चौथ्या ओळीत आहे.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते.”

एवढंच. वर्षभर ती कपासाठी रुसली नव्हती, आणि हे समजायला त्या माणसाला भिंतभर अक्षरं लागली. त्याने खाली मान घालून ‘गाडी वगळा’ दाबलं, सतरा निवडला. तर पुढे आणखी एक चौकट आली: कारण लिहा. त्याने ती तशीच सोडून ‘पुढे’ दाबलं. सॉफ्टवेअरने लाल अक्षरांत सांगितलं: हा रकाना रिकामा ठेवता येणार नाही.

कुणीतरी खोकलं. बहुतेक बायकोच.

त्याने लिहिलं: तांत्रिक कारण.

“म्हणजे काय?” नातीने विचारलं. आवाजात खोडी नव्हती. खरंच विचारत होती, ते जास्त वाईट.

त्याने खोडलं. तेवढ्यात शर्यत बघायला आलेल्या सुताराला काय बुद्धी झाली, त्याने ठोकळा उचलून टेबलावरच्या काट्यावर ठेवला. “साहेब, दोनशे दहा भरतोय,” तो म्हणाला. “तुम्हीच जड करायला सांगितलं होतं.” बुडत्याला काडी मिळाली. सेकंदरावचा चेहरा खुलला, बोटं धावली: वजन मर्यादेपेक्षा जास्त.

“वजन करायचं काम कुणाकडे होतं?” नात म्हणाली.

चिमणी उपटलेली ती पोरगी यंदा आठ वर्षांची झाली होती आणि पहिल्या रांगेत बसली होती. तिने हात वर केला आणि सेकंदरावकडे बोट दाखवलं.

तेही खोडलं. चौकटीत रेघ लुकलुकत होती. वेळापत्रकाप्रमाणे बक्षीससमारंभ सुरू व्हायची वेळ टळून चार मिनिटं झाली होती, त्याच्या आयुष्यातली सगळ्यांत लांब चार मिनिटं, आणि त्याने घड्याळाकडे पाहिलं नव्हतं. शेवटी एकेक अक्षर शोधत त्याने टाइप केलं: ही गाडी शर्यतीत नव्हती. रकाना रिकामा दिसू नये म्हणून मी ठेवली होती.

‘पुढे’ दाबलं. निकाल बदलला. पहिली, क्रमांक चौदा.

टाळ्या झाल्या. कपाचं चित्र नाचलं. सेकंदराव आशेने वळला. त्याला अजूनही वाटत होतं की आता ती धावत येईल. हिशेब चुकला तरी उत्तर बदलायचं नाही, ही डेपोची सवय.

नातीने कप घेतला, काखेत धरला आणि म्हणाली, “आता मागल्या वर्षीची फाइल उघडा.”

“अगं, त्या गाड्या आता कुठे आहेत? फेरी कशी घेणार?”

“फेरी नको. तिथेही कारण लिहा.”

माणसं बिस्किटांकडे वळली होती, पण कान टेबलाकडेच होते. त्याने फाइल उघडली. तिसरी फेरी, सात सेकंद आणि वर काही. ‘शेरा’ म्हणून एक बारीक रकाना होता, रिकामा, आणि गंमत अशी की वर्षभर तो रिकामा असल्याचं ह्याला खुपलं नव्हतं. त्याने लिहिलं: फेरी पुन्हा घेता येत होती. वेळापत्रक बिघडेल म्हणून घेतली नाही. आणि मग, कुणी न सांगता, आणखी दोन शब्द: खोटं सांगितलं.

नातीने ते वाचलं. टेबलावरचा त्याचा चष्मा नीट घडी घालून त्याच्या खिशात ठेवला.

“आता तरी आजोबा म्हणशील?” त्याने हळूच विचारलं.

“बघू,” ती म्हणाली. “वेळापत्रकात बसतंय का.”

झालं ते एवढंच. पण माणूस सुधारला असं कुणी समजू नये. आठवड्याभरात तो इमारतीत सांगत सुटला होता की सॉफ्टवेअरमधली एक गंभीर त्रुटी त्याने भर सभेत शोधून दाखवली. निकालाचा कागद सभागृहाच्या भिंतीवर लावला, अर्थात प्लास्टिकमध्ये बंद करून, आणि कारणाची ओळ इतक्या बारीक अक्षरात छापली की मुंगीने वाचावी. तरी जे वाचायचं ते लोक वाचतातच. भिंतीला नाक लावावं लागतं, पण वाचता येतं. पुढल्या वर्षी टेबलावर कोण बसणार असं चिटणीसबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, काकाच बसतील, पण दुरुस्तीची खिडकी क्रमांक चौदाकडे राहील.

ठोकळा सध्या त्याच्या घराचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून उंबऱ्याशी असतो. पाठीवर अजून सतराची चिठ्ठी आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला ठेच लागते तेव्हा बायको आतून सांगते, “जपून हो, विजेता आहे तो.”

आणि परवा शाळेतून येताना नातीने दारातच “आजोबा” म्हणून हाक मारली, असं सेकंदराव जिन्यात भेटेल त्याला सांगतो, वेळेसकट. चार वाजून सोळा मिनिटं.

बायको म्हणते, हाक मारली हे खरं. पण तेव्हा ती खाली वाकून ठोकळा सरकवत होती, हाक नक्की कुणाला ते तिलाच ठाऊक.